गारांची कॅसेट

आमच्या शाळेचे ड्रॉइंगचे सर उन्हाळ्याच्या सुटीत मुंबईला कसल्याशा शिबिराला जाऊन आले. आल्यावर आठ दिवस ते कुणाशी नीट बोलले नाहीत. नवव्या दिवशी स्टाफरूममध्ये मला म्हणाले, “मॅडम, मी समुद्रात उभा राहून आलो.”

मी विचारलं, “साडेसातीसाठी का?”

“नाही. कलेसाठी. आणि समुद्र तिसऱ्या मजल्यावर होता.”

मग त्यांनी सविस्तर सांगितलं. कुणी परदेशी चित्रकार आला होता. त्याने एका मोठ्या खोलीत काळोख करून चारी भिंतींना टीव्ही लावले होते. सगळ्यांवर समुद्र. चारी कोपऱ्यांतून लाटांचे आवाज. बाकी काही नाही. सर म्हणाले, पाच मिनिटांनी त्यांना गरगरायला लागलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी पाय भिजू नयेत म्हणून साडी वर धरली.

“मॅडम, आपल्याकडे समुद्र नाही,” सर म्हणाले. ही गोष्ट मला ठाऊक होती. मी भूगोल शिकवत होते. “पण ऋतू आहेत. फेब्रुवारीत तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आपल्या शाळेत आहे. विषय हवामान. आपण हवामानाची खोली करू.”

हवामान मी दर वर्षी शिकवायची. “वर्धा जिल्ह्याचे हवामान उष्ण व कोरडे आहे” हे वाक्य मी इतक्या वर्गांना लिहून दिलं होतं, की फळ्याकडे न बघता लिहू शकत असे. त्या वाक्यात उभं राहता येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी हो म्हटलं. दुसरं कुणी हो म्हणत नव्हतं, हेही एक कारण होतं.

ही गोष्ट ऐंशी सालानंतरची. वर्ध्यात व्हिडिओ येऊन दोनतीन वर्षं झाली होती. कापडदुकान असलेल्या एका शेठचा धाकटा मुलगा दुकानात बसायला तयार नव्हता, म्हणून घरच्यांनी त्याला व्हिडिओ कॅमेरा घेऊन दिला होता. तो लग्नं काढायचा. कॅमेरा खांद्यावर, त्याचा रेकॉर्डर दुसऱ्या खांद्यावर, आणि दोन्हींच्या मधून तो स्वतः घाम पुसत चालायचा. लग्नाची तिथी नसेल त्या दिवशी तो मोकळा असे. सरांनी त्याला समुद्राची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “सर, उसमे आदमी कोण होता?” सर म्हणाले, कुणीच नाही, नुसतं पाणी. तो विचार करून म्हणाला, “मग बरं आहे. लग्नात सगळ्यात जास्त तकलीफ आदमी लोकांचीच असते.” आणि तो आमच्यात आला.

माझं घर बोरगाव मेघेला होतं. नवरा वर्ध्याला नोकरीला. पण सकाळच्या बसचा काही भरवसा नसायचा, म्हणून आठवडाभर मी शाळेच्या गावी, आंजीतच एक खोली घेऊन राहायची आणि शनिवारी दुपारून घरी जायची. खोली ज्या घरात होती, ते शाळेच्या मागच्या भिंतीला लागून होतं. भिंतीपलीकडे शाळेचा सायकल ठेवायचा टिनाचा मांडव, अलीकडे घरमालकांचं खळं आणि घर. घरमालकीण माझ्यापेक्षा दोनचार वर्षांनी मोठी. मी तिला वहिनी म्हणायची, ती मला बाई. तिचा नवरा शेतीत राबायचा आणि कमी बोलायचा. बोलण्याची जबाबदारी सासऱ्यांनी घेतली होती. त्यांना सगळे आबाजी म्हणत.

जून ते जानेवारी आम्ही आवाज गोळा केले. सरांच्या मेव्हण्याने परदेशातून आणलेला टेपरेकॉर्डर होता, त्याला वेगळा माइक आणि लांब वायर होती. आवाजाचं काम माझ्याकडे, चित्राचं शेठच्या मुलाकडे, आणि “हे नाही” असं म्हणण्याचं सरांकडे.

पावसाचा आवाज घेणं सोपं जाईल असं वाटलं होतं. ऑगस्टमध्ये झड लागली तेव्हा मी खोलीच्या दारात बसून अर्धा तास पाऊस भरून घेतला. संध्याकाळी वहिनीच्या ओसरीवर तो ऐकवला. सर डोळे मिटून ऐकत होते. आबाजी सुपारी कातरत होते.

“हा टिनावरचा पाऊस आहे,” आबाजी म्हणाले.

“पाऊस पाऊसच असतो ना, आबाजी,” मी म्हटलं.

“हाव, पन तुमी म्हन्ता शेतकऱ्याईले दाखवतो. शेतकरी टिनावर पेरते का? पराटीवरचा पाऊस आना.”

सरांनी डोळे उघडले आणि त्या दिवसापासून आबाजी आमचे परीक्षक झाले. दुसऱ्या दिवशी मी छत्री घेऊन पराटीत, म्हणजे कपाशीत, जाऊन उभी राहिले. टेपमध्ये छत्रीवरचा पाऊस आला. छत्री मिटून मशीन प्लास्टिकच्या कागदाखाली ठेवलं, तर कागदावरचा पाऊस आला. तिसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली, “घोंगडं घ्या ना बाई, घोंगड्याचा आवाज येत नाई.” मी मशीन घोंगड्यात गुंडाळलं, फक्त माइक बाहेर काढला आणि स्वतः भिजले. पराटीच्या रुंद पानांवर पडणारा पाऊस खरोखरच वेगळा निघाला. जाड, जवळचा, मधेच पान वाकून पाणी खाली ओतल्याचा. आबाजींनी मान हलवली. मला ताप आला. शाळेत कारण म्हणून मी “पाऊस” एवढंच लिहिलं.

उन्हाळ्याचं मात्र काही केल्या जमत नव्हतं. एक टेप सरांनी मे महिन्यात मुंबईला जाण्याआधीच कधी तरी गंमत म्हणून केली होती, भर दुपारची. त्यात एक पारवा घुमत होता, टिन तापून कडकडत होतं आणि कुणीतरी खोकत होतं. आबाजींनी ती ऐकली आणि म्हणाले, “हे ऊन नाई. हे दुपार आहे.”

“उन्हाचा आवाज कसा असतो मग?” सरांनी विचारलं. त्यांनी वहीही काढली होती.

“उनाले आवाज नसते. उन्हाळ्यात विहिरीत बादली टाका. पान्याले लागत नाई, दगडाले लागते. थो आवाज.”

ऑक्टोबरात विहिरी भरलेल्या असतात. सरांनी गावाबाहेर एक कोरडी, टाकून दिलेली विहीर शोधली आणि आम्ही तिथे बादली सोडून दगडावर आपटली. शेठचा मुलगा वरून विहिरीचं तोंड शूट करत होता. रस्त्याने जाणारा एक बंडीवाला बैल थांबवून बराच वेळ बघत राहिला. शेवटी त्याने विचारलं, “काऊन बापा, पानी नाई त्यात.” सर म्हणाले, “ठाऊक आहे.” तो बंडी हाकून निघून गेला. पुढे महिनाभर गावात आमच्याकडे लोक जरा हळुवारपणे बघत असत.

थंडीसाठी आबाजींनी सांगितलं, हिवाळ्यात आवाज लांबून येतात. म्हणून जानेवारीत पहाटे धाम नदीच्या काठाला जाऊन पलीकडच्या वावरातलं ऑइल इंजन भरून आणलं. गव्हावरचं धुकं शूट केलं. धुक्यात काही दिसत नव्हतं. शेठच्या मुलाला कॅमेरा बिघडल्याची शंका आली. सर म्हणाले, हेच पाहिजे.

एकच गोष्ट राहिली होती. सरांना गारा हव्या होत्या. आमच्याकडे माघ-फाल्गुनात कधी कधी गारपीट होते, हरभरा-गहू निघायच्या वेळी. सरांच्या मते त्याशिवाय खोली अपुरी होती. गेल्या वर्षी गारा पडल्या नव्हत्या. या वर्षीही लक्षण नव्हतं. “पण मॅडम,” सर म्हणाले, “एक कोरी कॅसेट कायम मशीनमध्ये ठेवा.” मी ठेवली.

फेब्रुवारीत शाळेचा टिनाचा हॉल आम्हाला मिळाला. खिडक्यांना गोणपाट लावलं. तीन टीव्ही आणले: एक ग्रामपंचायतीचा, एक डॉक्टरांचा आणि एक शेठच्या मुलाचा. माइकवाल्याने चार कोपऱ्यांत चार भोंगे बांधले. जमिनीवर सरांनी वावरातली काळी माती अंथरून घेतली, म्हणून चपला बाहेर काढाव्या लागत. एका टोकाला उन्हाळा, मधे पाऊस, दुसऱ्या टोकाला हिवाळा; तिथे ओल्या वाळ्याच्या ताटीमागे पंखा ठेवला होता. मुख्याध्यापक उद्घाटनाच्या आधी बघायला आले. मध्यभागी उभे राहून त्यांनी चारी दिशांना पाहिलं.

“यात मॉडेल कोणतं?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही उभे आहात ते, सर,” ड्रॉइंगचे सर म्हणाले.

मुख्याध्यापकांनी पायाखाली पाहिलं आणि ते एक पाऊल बाजूला सरकले. “लेबल लावा,” ते म्हणाले. आम्ही पुठ्ठ्यावर ‘ऋतू’ लिहून दाराला टांगलं.

प्रदर्शन गुरुवार ते शनिवार होतं. गुरुवारी सकाळी माइकवाल्याने आवाज तपासायला म्हणून पावसाची टेप लावली आणि बटण पूर्ण फिरवलं. त्या टेपमध्ये विजांचा गडगडाट होता. भोंगे लग्नाचे, त्यांना हळू वाजायची सवय नव्हती. त्या दिवसांत गावभर खळ्यांवर हरभरा पडलेला होता आणि गच्च्यांवर बायकांनी वाळवणं घातली होती. पाच मिनिटांत निम्मा गाव ताडपत्र्या घेऊन धावत सुटला. मी हॉलच्या दारातून पाहिलं, तर वर निळंशार आभाळ आणि खाली माणसं ढिगांवर ताडपत्र्या ओढतायत.

वहिनी भिंतीवरून डोकावली. तिला धाप लागली होती.

“बाई, हे तुमची मशीन होय?”

“हो वहिनी. जरा मोठा झाला आवाज.”

“जराक?” ती म्हणाली. पदराने तोंड पुसलं आणि परत गेली. भांडली नाही. मुख्याध्यापक मात्र बरंच बोलले. आवाज कमी झाला; पण दिवसातून आठदहा वेळा तो गडगडाट भिंतीपलीकडे जायचाच. संध्याकाळपर्यंत गावाला सवय झाली. गडगडलं की लोक म्हणायचे, शाळेतलं आहे.

लोक खोलीत मात्र आले, आणि आले म्हणजे पुन्हा पुन्हा आले. उन्हाळ्यात कुणी थांबत नव्हतं. तो आम्हाला घरी आहे, असं एका माणसाने मला सांगितलं. बायका पावसात बसायच्या. आबाजी हिवाळ्यात, ताटीसमोर खुर्ची घेऊन, येणाऱ्या प्रत्येकाला हे इंजन कुणाच्या वावरातलं ते सांगायचे.

शुक्रवारी वहिनीचा नवरा दाढ काढायला वर्ध्याला गेला. खळ्यावर मळून झालेला हरभरा उपणायचा होता. त्याची रास घातलेली होती, आणि बाजूला कुटाराचा, म्हणजे भुसकटाचा, ढीग. दुपारी तीनच्या सुमाराला पश्चिमेकडून आभाळ भरून आलं. आधी राखाडी, मग जांभळं. सर धावत हॉलच्या बाहेर आले, वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“मॅडम! मशीन!”

शेठच्या मुलाने कॅमेरा शाळेच्या ओसरीत लावला. मी टेपरेकॉर्डर घेऊन मागच्या सायकलच्या मांडवात गेले, कारण तिथे टिनही होतं आणि समोर मोकळं खळंही; दोन्ही आवाज येतील. मी हुशार होते. माइक भिंतीवर ठेवला, बटणं दाबली. पहिला गडगडाट झाला. खळ्यावर कुणी नव्हतं. वहिनी घरात होती.

दुसरा गडगडाट झाला, चांगला मोठा. तरी ती बाहेर आली नाही. मला तेव्हा क्षणभर वाटून गेलं, की हिला हा शाळेतला वाटत असेल. वाटून गेलं आणि मी टेपच्या काट्याकडे बघत राहिले. काटा छान हलत होता.

मग गारा आल्या. आधी हरभऱ्याएवढ्या, लगेच बोराएवढ्या. टिनावर असा काही आवाज सुरू झाला, की तो कानांनी ऐकायची गरजच उरली नाही. वहिनी ताडपत्री घेऊन धावत आली. एक टोक तिने राशीवर टाकून पायाने दाबलं, दुसरं वाऱ्याने उचललं. तिने मान वळवली आणि मला पाहिलं. आमच्यात पंधरा पावलांचं अंतर होतं आणि कमरेएवढी भिंत.

“ओ बाई! हात लावा ना जराक!”

मी म्हणाले, “एक मिनिट वहिनी, रेकॉर्डिंग चालू आहे.”

हे मी ओरडून म्हणाले नाही. वर्गात एखाद्या मुलीला पाणी प्यायला जायचं असेल तर मी ज्या आवाजात सांगायची, त्याच आवाजात म्हणाले. तिने आणखी दोनदा हाक मारली. मी बोट वर करून तिला थांबायची खूण केली. खूण केल्याने टेपमध्ये आवाज भरत नाही, हा विचार त्यात होता.

गारा ओसरल्या, नुसता पाऊस राहिला, तेव्हा मी बटण बंद केलं आणि भिंत ओलांडून गेले. तोवर ताडपत्री उडून बाभळीला अडकली होती. हरभरा पाण्यात होता. वरून पांढऱ्या गारा, खालून पिवळी रास. आम्ही दोघींनी मिळून घमेल्यांनी जेवढा उचलता येईल तेवढा उचलून ओसरीत टाकला. तिच्या कपाळावर गार लागून टेंगूळ आलं होतं. मी म्हटलं, “वहिनी, हळद लावा त्याला.” ती घरात गेली.

स्टाफरूममध्ये सरांनी कॅसेट लावली. गडगडाट आला तेव्हा त्यांनी टेबलावर हात आपटला. टिनावरच्या गारा आल्या तेव्हा ते उभे राहिले. मग हाक आली. मग माझं वाक्य आलं, अगदी स्पष्ट. माइक माझ्याजवळच होता. सर बसले. शेठच्या मुलाने खिडकीबाहेर पाहिलं.

सर म्हणाले, “हा भाग काढता येईल.”

“येईल,” शेठचा मुलगा म्हणाला. “लग्नात आम्ही पुरी भांडणं काढून टाकतो.”

मी उठले. कॅसेट काढून पर्समध्ये टाकली आणि खोलीवर आले.

सूर्य मावळताना वहिनीचा नवरा वर्ध्याहून आला. गालात कापूस होता, त्यामुळे तो ओठ न हलवता रागावत होता, आणि मधल्या भिंतीतून ते तुकड्यातुकड्यांनी ऐकू येत होतं.

“झोपली होती काय?”

“मले वाटलं शाळेतली मशीन वाजून राह्यली.”

“गारा पडल्या तरी मशीन? अन् आवाज देता येत नोता कोनाले? बाजूले पुरी शाळा भरली आहे.”

“देला आवाज. तीन खेप देला.”

“कोनाले?”

यावर वहिनी काही बोलली नाही. त्याने पुन्हा विचारलं. मी भिंतीच्या या बाजूला उभी होते. माझ्या हातात पोळी लाटायचं लाटणं होतं, ते मी तसंच धरून ठेवलं होतं. “नाव सांग ना, कोनाले?” तो म्हणाला. शेवटी तो म्हणाला, “झोपलीच होती.” आणि मग भांडं आपटल्याचा आवाज आला, कुणी आपटलं ते कळलं नाही.

सकाळी उठून मी शाळेतून टेपरेकॉर्डर आणला आणि वहिनीच्या अंगणात गेले. तिचा नवरा दात घासायच्या ऐवजी मिठाच्या पाण्याने गुळण्या करत होता. आबाजी खाटेवर होते. वहिनी ओला हरभरा गोणपाटावर पसरत होती. तिने मान वर केली नाही.

मी म्हटलं, “भाऊ, काल वहिनी झोपल्या नव्हत्या. हे ऐका.”

मी बटण दाबलं. गडगडाट, टिन, गारा. त्याने गुळणी तोंडातच धरून ऐकलं. “ओ बाई! हात लावा ना जराक!” आणि मग मी. त्या सकाळी अंगणात दुसरा काही आवाज नव्हता. माझं वाक्य मला वाटलं होतं त्यापेक्षा लांब निघालं.

त्याने गुळणी टाकली. तो माझ्याकडे बघत नव्हता. मशीनकडे बघत होता. मग म्हणाला, “पुन्हा लावा.”

मी पुन्हा लावलं. त्याने तिसऱ्यांदाही लावायला लावलं. तिसऱ्या वेळी तो बायकोकडे वळला आणि म्हणाला, “लय जोरात आवाज देला तू.” वहिनी म्हणाली, “मंग?” एवढंच. पण तिने हरभऱ्यातला हात काढून पदराला पुसला आणि येऊन मशीनजवळ बसली.

आबाजी इतका वेळ डोळे मिटून होते. ते म्हणाले, “हा बराबर आवाज आहे. टिनावरची गार येगळी, चन्यावरची येगळी. दोनी आल्या.”

सहा महिन्यांत त्यांनी दिलेली ही पहिली निर्भेळ शाबासकी. ती घेण्याची माझी परिस्थिती नव्हती.

शेजारचे आले. त्यांना ऐकवली. त्यांच्या घरच्या बायका आल्या. वहिनीच आता सांगू लागली, “थांबा, आता माह्या आवाज येते पाहा,” आणि मग, “आता बाई बोलते.” बायका ऐकायच्या, माझ्याकडे पाहायच्या आणि मला चहा झाला का विचारायच्या. आठ वाजेपर्यंत माझं वाक्य वीसएक लोकांनी ऐकलं होतं. माफी मागायला मी आले होते, पण ती मागायला फटच सापडेना. शेवटी दारातून निघताना मी म्हटलं, “वहिनी, माझं चुकलं.” ती म्हणाली, “हाव.”

तेवढ्यात ड्रॉइंगचे सर मला शोधत आले. त्यांनी अंगणातली गर्दी पाहिली आणि त्यांना सगळं समजलं. ते वहिनीसमोर हात जोडून उभे राहिले. “वहिनी, ही टेप आज प्रदर्शनात लावायची परवानगी द्याल? तुमचा आणि मॅडमचा आवाज त्यातून काढून टाकू.”

वहिनीने विचार केला. “लावा,” ती म्हणाली. “पन काढू नका काही. काढलं तर कोनाले वाटन गारा उगाच पडल्या.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. दुसरं काय हलवणार.

म्हणून शनिवारी उन्हाळ्याचा टीव्ही हलवून हिवाळ्याच्या शेजारी गारपीट लावली. शेठच्या मुलाने ओसरीतून काढलेलं चित्र टीव्हीवर होतं. त्यात आवाज नव्हता, फक्त गारांची पांढरी तिरपी रेघ. डावीकडे एक लहानशी बाई ताडपत्रीशी झोंबताना, आणि उजव्या कडेला मांडवाखाली दुसरी एक बाई, अजिबात न हलणारी. मी ते दिवसभरात किती वेळा पाहिलं ते मोजलं नाही. ज्या वेळी पाहत नव्हते, त्या वेळी ऐकू येत होतं. खोलीत येणारे लोक त्या जागी थांबायचे. हाक आली की एकदोघे नकळत पुढे सरकायचे, टीव्हीच्या दिशेने. एका म्हाताऱ्या बाईने तर खरंच हात पुढे केला. सर माझ्या कानात म्हणाले, “मॅडम, मुंबईला असं झालं नव्हतं.”

तालुक्याचे तपासणीस दुपारी आले. ते चपला काढायला तयार नव्हते, मग काढल्या. सगळी खोली फिरून गारपिटीपाशी उभे राहिले. टेप संपल्यावर त्यांनी विचारलं, “एक मिनिट म्हणणाऱ्या बाई कोण आहेत?”

मी हात वर केला.

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग शेरेबुकात लिहिलं: ‘आवाज स्पष्ट आहे. लेबल मोठे हवे.’ जिल्ह्याला आमची खोली गेली नाही. गोबर गॅसचं मॉडेल गेलं.

त्या शनिवारी मी बोरगावला गेले नाही. नवऱ्याला निरोप पाठवला की काम आहे. प्रदर्शन आवरल्यावर मुख्याध्यापकांनी न मागता हॉल दिला. माती झाडून काढली, फरशी पुसली आणि वहिनीचा हरभरा तिथे पसरला, कारण बाहेर आभाळ अजून उघडलं नव्हतं. सरांनी हिवाळ्याचा पंखा आणून त्यावर सोडला. रविवारी दिवसभर मी आणि वहिनी फरशीवर बसून हरभरा निवडत होतो. काळा पडलेला एकीकडे, फुगलेला एकीकडे, बरा एकीकडे. फुगलेल्याला मोड यायला लागले होते. त्याच्या घुगऱ्या करून त्या घराने आणि मी आठ दिवस खाल्ल्या. बरा निघाला तो बियाण्याला पुरणार नव्हता, हे दोघींनाही दिसत होतं.

दुपारी ती चहा घेऊन आली तेव्हा मी तिला विचारलं, “वहिनी, त्या दिवशी भाऊ एवढे विचारत होते, तर तुम्ही माझं नाव काऊन नाही सांगितलं?”

ती बशीत चहा ओतत होती.

“सांगून काय झालं असतं?” ती म्हणाली. “त्याईनं म्हन्लं असतं, बहाना करून राह्यली. शिकलेली बाई समोर उभी राहून असं काऊन करन? कोनाले पटलं असतं?” तिने बशी माझ्याकडे सरकवली. “मलेच पटत नोतं. रातभर मले वाटे, तुमाले ऐकूच आलं नसन.”

मी चहा प्यायले. मग तिने पुढची टोपली ओतली आणि आम्ही पुन्हा निवडायला लागलो.